अप्पांच्या मापाचं बाकडं

“अप्पांना बसवूनच माप घ्या,” उज्वला म्हणाली, आणि मल्लिनाथअप्पांना भरून आलं. या घरात त्यांचं शेवटचं माप शिंप्यानं घेतलं होतं, तेही नातवाच्या बारशाला. तो नातू, सत्यम, आता दहावीत होता.

लातुरातल्या त्या घराचं दार उघडलं की आधी पाय ठेवायला जागा शोधावी लागे. चपला, बूट, हेल्मेट, दप्तर, आणि आठवड्यानं येणाऱ्या नळासाठी दोन निळे ड्रम. उज्वला दिवसभर शाळेत पोरांना शिस्त लावायची आणि घरी येऊन दारातच ठेचकाळायची. शेवटी तिनं मोबाइलवर परदेशातली घरं पाहिली, जिथं एकेका बुटाला स्वतंत्र खोली असते, आणि भीमा सुताराला बोलावून घेतलं. ड्रम मागच्या अंगाला जाणार होते, चपला खणात, हेल्मेट खुंटीवर. आणि भिंतीला लागून एक बाकडं.

त्या बाकड्यावर अप्पांचा जीव होता. गुडघे गेल्यापासून डॉक्टरांनी त्यांना पट्ट्याच्या सँडल दिल्या होत्या. उभ्यानं पट्टा लागत नसे, खाली बसलं तर उठता येत नसे, आणि लावून द्यायला घरात कुणाला वेळ नव्हता. दिवाळीपासून अप्पा कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहाला गेले नव्हते. तिथली मंडळी अलीकडे त्यांच्या मुलाला, संगमेशला, “अप्पा आहेत ना?” असं विचारत. विचारण्याची ती पद्धत अप्पांना आवडत नव्हती.

भीमानं रंगाच्या दोन डब्यांवर प्लायची फळी टाकली. अप्पा बसले. वाकले. डावा पट्टा लागला. मग उजवा लागला.

“लागला की!” ते म्हणाले. कुणी बघितलं नाही. “भीमा, उंची बरोबर हाय बघ. अशीच ठेव.”

“उंचीचं न्हाई अप्पा, मी रुंदीचं बघायलो,” भीमा म्हणाला. “मॅडम, चपला घालायच्या बाकड्याला पंधरा इंच लई झाले. तुम्ही अडीच फूट म्हणायलात.”

“अडीच फूटच पाहिजे. अप्पा, सँडल काढा. मांडी घालून बसा.”

“सँडल घालायला मांडी कशाला?”

उज्वलानं नवऱ्याकडं बघितलं. संगमेश बँकेत नोकरीला होता. नको असलेली गोष्ट मऊ आवाजात सांगायची त्याला सवय होती.

“अप्पा, निलंग्याच्या काकांचं तुम्हाला माहीतच आहे,” तो म्हणाला.

माहीत होतं. त्यांच्या समाजात माणूस गेला की त्याला आडवा करून नेत नाहीत. आंघोळ घालतात, विभूती लावतात, मांडी घालून भिंतीशी बसवतात. लोक दर्शनाला येतात, भजन होतं, आणि बसलेल्यालाच मिरवत नेतात. निलंग्याच्या काकांच्या वेळी ऐन वक्ताला धड जागा सापडली नाही, म्हणून त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. मान सारखी कलायची. दोन जावई आळीपाळीनं मान धरून बसले होते. त्यातल्या एकाला फोन आला, आणि नेमका तेवढ्यात कुणीतरी काढलेला फोटो पाहुण्यांच्या ग्रुपवर गेला.

“आपल्या घरी तशी फजिती नको,” उज्वला म्हणाली. “इथं दारातच जागा झाली की चारशे माणूस आलं तरी फिकीर नाही. इकडून यायचं, नमस्कार करायचा, तिकडून जायचं. घरात कुणाला यावंच लागत नाही. फरशी पण चांगली राहते.”

अप्पांनी पट्टे सोडले. लावण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लागला. मांडी घालायला गेले, तर डावा गुडघा वरच राहिला. संगमेशनं तो हळूच दाबला. अप्पा कळवळले.

“दाबू नका, सर,” भीमा म्हणाला. “तीन इंच वाढवून घेतो.”

अप्पांनी सुनेला विचारलं, “आन् तवर? म्हणजे मधल्या दिवसात. सकाळी जरासं बसलो तर चालंल ना? पट्टा लावण्यापुरतं?”

उज्वलानं मोबाइल त्यांच्यापुढं धरला. पडद्यावर बाकड्याचं चित्र होतं आणि त्यावर तिनं बोटानं चौकोन आखले होते.

“हे बघा ना अप्पा. इथं सत्यमचं दप्तर. इथं माझी पर्स आणि डबा. हा त्याच्या क्रिकेटच्या किटचा कोपरा. एक बोटभर जागा उरत नाही.” मग तिचं तिलाच कसंतरी वाटलं असावं. “पण त्या दिवशी सगळं काढणार की आम्ही. सगळं बाकडं तुमचंच.”

“खुंटी कुठं मारू?” भीमानं विचारलं.

“मानेच्या मागं. शाल गुंडाळून खुंटीला बांधता आली पाहिजे,” संगमेश म्हणाला. “एरवी हेल्मेट अडकवू.”

भीमानं कानामागची पेन्सिल काढली. अप्पा भिंतीला टेकले होते. समोर दार सताड उघडं होतं. दारातून रस्ता दिसत होता, रस्त्याच्या कोपऱ्यावर हॉटेलचा पत्रा दिसत होता, पत्र्याखाली कुणीतरी बशी तोंडाला लावून बसलं होतं. अप्पांनी पाठ सरळ केली. छाती पुढं काढली. आणि शाळेत फोटोला बसवल्यावर पोरं धरतात तशी मान ताठ धरली.

भीमा भिंतीला पेन्सिल टेकवून थांबला.

“अप्पा, मान ढिली सोडा,” तो म्हणाला. “त्या दिवशी एवढी ताठ राहत न्हाई.”