अधिक माहितीसाठी

“उशीत दगड भरलेत का काकू?” पोस्टाच्या काउंटरवरच्या कारकुनानं पार्सल दोन्ही हातांनी दाबून बघितलं.

“कापूस आहे.”

“एवढा टणक?”

आयुष्यभर लोकांचे कपडे शिवून शिवणवालीच्या हाताला सफाई आलेली. उशीची शिवण कुणाच्या बापाला दिसली नसती. पण दाबणाऱ्याच्या हाताला आतलं लागलंच.

“बॅटरीवालं काही आहे का? नसेल तर तसं लिहून सही करा.”

सही ठोकून मोकळं व्हावं, असं तिला क्षणभर वाटलं. मग तिचं डोकंच फिरलं. आपण काय चोर आहोत?

“फोन आहे,” ती खणखणीत आवाजात म्हणाली. “आणि पॉवर बँक. माझ्या लेकीसाठी. सासरी तिला फोन वापरू देत नाहीत. झालं समाधान?”

मागच्या रांगेतल्या माना वर झाल्या.

कारकुनानं चष्मा पुसला. “फोनला माझी ना नाही हो. पण असा लपवून नाही जायचा. चेपला तर पेट घेतो. पॉवर बँक तर सुटी बॅटरीच, ती विमानानं जात नाही. गाडीनं पाठवू. फोन बंद करा, खोक्यात हलणार नाही असा बसवा. आणि वर हे लागणार.”

त्यानं एक लेबल पुढं सरकवलं. लाल तिरप्या रेघांची चौकट, आत बॅटऱ्या आणि त्यांतून उठलेला जाळ.

“खालच्या बाजूला लावू?”

“पत्त्याच्या बाजूला. अख्खं दिसलं पाहिजे. दुमडायचं नाही, झाकायचं नाही.”

म्हणजे दवंडीच की! लेक माहेरी आली होती तेव्हा कानात बोलली होती, “आई, माझं काहीही आलं की आधी सासूबाई उघडतात.” त्यानंतर तिचं माहेरी येणंही बंद झालं.

विहीण म्हणजे घुमी, आतल्या गाठीची बाई. लग्नात तिनं तोंड उघडलं नव्हतं. सगळं बोलले ते व्याहीच. माजच तो, दुसरं काय! त्यांच्या घरच्या फोनवर कधी फोन केला तर तीच उचलायची. “ती कामात आहे,” एवढं पुटपुटायची, मागं कुणीतरी खाकरायचं आणि फोन खाली.

शिवणवालीच्या नवऱ्याचं म्हणणं एकच, लेक दिली, आता ते त्यांचं घर. “दिलीय, विकली नाही,” असं त्याला सुनावूनच ती पोस्टात आली होती.

“हे लावलं तर ती सासू फोन काढून घेईल, भाऊ.”

“आणि न लावता गाडीत पेटलं तर सगळी पार्सलं जळतील. त्यातही कुणाच्या तरी लेकीचं असेलच ना?”

तिनं रागारागानं पिशवीतून कात्री काढली आणि तिथंच उशी उसवली. काउंटरभर कापूस झाला. कारकुनानं निमूट खोकं दिलं. तिनं फोन बंद केला, पॉवर बँकेच्या तोंडाला चिकटपट्टी लावली, उरलेल्या जागेत उशीचाच कापूस गच्च कोंबला आणि लेबल पत्त्याशेजारी सरळ चिकटवलं.

लेबलावर एक ओळ रिकामी होती. अधिक माहितीसाठी फोन.

“इथं कुणाचा नंबर?”

“आत काय आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याचा. कुणाला शंका आली तर विचारायला.”

तिनं आपला नंबर ठसठशीत लिहिला. “विचारू दे की तिला. सांगते चांगलं!”

मग वाट बघणं आलं. फोनमध्ये नवं सिम होतं. त्याचा नंबर तिनं आपल्या मोबाइलवर ‘लेक’ म्हणून ठेवला होता. मशीन चालवतानाही तिचा एक डोळा तिकडेच असायचा. “पडलीस ना तोंडघशी?” नवरा म्हणायचा. ती आणखी जोरात मशीन चालवायची.

एका दुपारी ‘लेक’ वाजला.

“बाळा!”

पलीकडून एक हलका आवाज आला. “मी बोलतेय. तिची सासू.”

शिवणवाली ताडकन उठली. आता माघार नाही. “फोन माझ्या लेकीच्या हातात द्या. तो तिचा आहे. काढून घेतलात तर दारात येऊन बसेन, सांगून ठेवते! मी कुणाला भीत नाही.”

“हळू बोला. फोन तिचाच आहे. ती दाराशी उभी आहे, हे येतात का बघत. नंबरही तिनंच लावून दिला, मला नाही जमत.”

शिवणवालीनं मोबाइल कानाशी घट्ट धरला.

“दरवेळी हे पुढ्यात उभे राहून मला पार्सल उघडायला लावतात,” विहीण पुटपुटली. “या खेपेला जाळाचं चित्र बघून मागं सरले. म्हणाले, मागच्या अंगणात ने आणि तूच उघड, व्हायचं ते तुला होऊ दे.”

तिच्या मागं कुठंतरी कुणीतरी खाकरलं. विहिणीचा आवाज आणखी खाली गेला, पण फोन खाली गेला नाही.

“खोक्यावर लिहिलंय ना, अधिक माहितीसाठी? म्हणून म्हटलं, आधी मी विचारते. असा एक फोन मलाही पाठवाल का, विहीणबाई? माझ्या आईचा नंबर मला अजून पाठ आहे. आणि ते जाळाचं चित्र जरा मोठं लावा.”