बिनप्रार्थनेची शाळा

सावेडीत सगळ्या धर्मांच्या मुलांसाठी नवी शाळा निघाली, तिथं पहिलीला बाई हव्यात असं कळल्यावर अर्शी तांबोळीनं लगोलग अर्ज ठोकला. नेवाशाच्या शाळेत तिनं हात जोडून प्रार्थना घेतली होती, मिशनच्या शाळेत डोळे मिटून आणि उर्दू शाळेत ओंजळ धरून. तिन्ही प्रार्थना तोंडपाठ. अशी बाई अख्ख्या नगरात दुसरी मिळायची नाही, हेही ती मुलाखतीत सांगून मोकळी झाली.

"छानच की," मुख्याध्यापिका म्हस्केबाई म्हणाल्या. "पण आपल्याकडं प्रार्थनाच नाही. कुणाची आधी, कुणाची नंतर, ती भांडणंच नकोत. सकाळी सगळ्यांनी फक्त दोन मिनिटं शांत बसायचं."

अर्शीचा चेहरा पडला.

"मॅडम, पहिलीची पोरं? आणि दोन मिनिटं गप्प?"

म्हस्केबाईंनी उठून दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"म्हणून तर त्या दोन मिनिटांत आमची एकेक बाई मनातल्या मनात आपापल्या देवाचा धावा करत असते. तुम्हाला तर तिन्ही येतात. सोमवारपासूनच या."