तारेचं मोकळं टोक

बेटावरच्या दवाखान्यात फोन लागत नसे, म्हणून रेडिओवरून ईमेल पाठवायची सोय करणं चालू होतं. रेडिओवाले काका सकाळपासून छतावर एरियलची तार ताणत होते. खाली नर्सची धाकटी बहीण अडली होती. कालपासून कळा येत होत्या, पण बाळ खाली सरकत नव्हतं.

तार जोडली की जाईल म्हणून नर्सनं संगणकावर शहरातल्या डॉक्टरांना मेल लिहून ठेवला. ती उठणार, तोच पडद्यावर एकेक अक्षर उमटू लागलं.

‘डाव्या कुशीवर वळवा. घाई करू नका.’

काकांनी तार जोडली असेल, असं समजून तिनं तसंच केलं. दुपारी मुलगी झाली.

रडणं ऐकून काका शिडीवरून उतरले. त्यांच्या हातात तारेचं मोकळं टोक होतं.

“जीव भांड्यात पडला बघ, पोरी. आता हे जोडतो, मग पाठव डॉक्टरांना आनंदाची बातमी.”

“काका, त्यांचं उत्तर तर मघाशीच आलं.”

काकांनी पडदा वाचला, मग हातातल्या टोकाकडे पाहिलं. काकांनी नकळत पायातल्या चपला काढल्या.

पुन्हा अक्षरं उमटू लागली.

‘दुसऱ्यालाही घाई करू नका.’

नर्सनं बहिणीच्या पोटावर हात ठेवला. तळहाताखाली कुणीतरी सावकाश वळलं.