काळजातली सहावी गाठ

मिरजेच्या इस्पितळात गणपा घोडक्यांनी उजव्या हातात पातळ हातमोजा चढवला. शेजारच्या खाटेवर त्यांच्या पत्नी हौसाबाई शुद्धीत पडून होत्या. स्वादुपिंडातली मूळ गाठ मागच्याच महिन्यात विरली होती. आज यकृतात पसरलेल्या गाठींची पाळी होती. सुईवाटे आत सोडलेले धुळीएवढे कण गणपांच्या बोटांबरोबर फिरणार होते, आत जे लागेल ते बोटांना जाणवून देणार होते, आणि बोट दाबलं की तेवढीच जागा जाळणार होते.

"यंत्राला पाचच दिसतात," डॉक्टर देवयानी म्हणाल्या. "एखादी राहिली तर पुन्हा पसरेल. म्हणून तुमचा हात हवा."

गणपांनी चाळीस वर्षं मटणाच्या दुकानात बोकडाचं काळीज, म्हणजे यकृतच, चाचपून गाठ लागली की ते बाजूला टाकलं होतं. त्यांनी डोळे मिटले. पाच गाठी गेल्या. मग पार कडेला ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी बोटाला लागलं.

"हितं हाय सहावी," असं म्हणून त्यांनी बोट अलगद दाबलं. मग डोळे उघडून त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"दुखतंय का गं?"

"न्हाई," हौसाबाई म्हणाल्या. "लगीन झाल्यापासनं आज पयल्यांदाच माझ्या काळजाला हात घातलासा."