लाल डोळ्याचा हंस

लोणखेड्याच्या गुलाबबाईंनी मुलाचं, पवनचं लग्न ठरवताना हुंडा मागितला नाही. वधूने स्वतःच्या हाताने ओवलेलं मोतीकाम रुखवतात मांडावं, एवढी एकच उदात्त अट घातली. "मन्ही पोर संध्यानी मोतीसना हंस सोता बनाडा व्हता. बजारनं रुखवत निंघनं तर वरात परत जाई," हे त्यांनी वधूच्या आईला, कौसाबाईंना, बैठकीत सर्वांदेखत ऐकवलं होतं.

लग्नाच्या दिवशी कळसाडीच्या मंडपात, रुखवताच्या टेबलावर पांढऱ्या मोत्यांचा डौलदार हंस विराजमान झाला. होणाऱ्या सुनेला सुईत दोराही ओवता येत नाही, अशी कुणकुण गुलाबबाईंना आधीच लागली होती. म्हणून सत्यशोधनाच्या पवित्र हेतूने त्यांनी साऱ्या बायका भोवती जमवल्या आणि हंस दोन्ही हातांनी उचलला. कौसाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

हंसाचा एक डोळा काळा होता, दुसरा लाल. गेल्या वर्षी संध्याच्या लग्नानंतर, भाड्याचा हंस दुकानात परत करण्यापूर्वी, निखळलेल्या डोळ्याच्या जागी तो लाल मणी गुलाबबाईंनी स्वतःच घाईघाईने ओवला होता.

"काय व्हयनं, गुलाबबाई? बोला ना," मागून कुणीतरी डिवचलं.

गुलाबबाईंनी हंस अलगद, जवळजवळ भक्तिभावाने, टेबलावर ठेवला.



"इहीनबाई, तुम्हनी पोरना हातले मन्ही संध्यानंच वळण शे."