चेंडूचा वेग

शाळेत कोडिंग शिकून पोरीने पहिलावहिला गेम बनवला: आभाळातून चेंडू पडायचा, बटणांनी टोपली सरकवून झेलायचा. गिऱ्हाईक एकच, अंथरुणाला खिळलेले तिचे टायपिस्ट बाबा. एकेकाळी वाऱ्यासारखी पळणारी त्यांची बोटं आजारपणात रोज थोडी मंदावत होती. म्हणून तीही रोज गुपचूप कोडमधला चेंडूचा वेग घटवायची, आणि बाबा जिंकले की खोटंखोटं फुरंगटायची. आज वेग एकवर आला, तरी टोपली हललीच नाही. “लबाडे, हल्ली चेंडू माझी वाट बघत खाली येतो, होय गं?” बाबा पुटपुटले. “छे! तुम्ही चॅम्पियनच आहात.” “मग अजून थोडी लबाडी कर. आज हरायचं नाहीये मला.” डोळे पुसत तिने एकच्या जागी शून्य लिहिलं. चेंडू आभाळातच थांबला. बाबा हसले. तो चेंडू आता कधीच निसटणार नव्हता, आणि टोपलीत पडणारही नव्हता.