दार धरून ठेवणारा कप्तान

कप्तानाचा हात पुन्हा वाकडा आला होता. मामा जेवून जरा पडले होते, तेवढ्यात भाचीनं खोडरबर उचललं, पेन्सिलीची थरथरती रेष पुसली आणि झरझर नवा हात काढून टाकला.

मामांची चित्रकथा मुलांना तोंडपाठ होती. पाच वीरांची टोळी एका जगातून दुसऱ्या जगात उडी मारायची आणि दर जगात त्यांना स्वतःचंच दुसरं रूप भेटायचं. कुठे कप्तान भित्रा निघायचा, कुठे खलनायक, कुठे नुसताच पोस्टमन. मामा पेन्सिलीनं काढायचे, भाची त्यावर शाई फिरवायची.

वर्षभरापासून मात्र मामांची रेष कापत होती. संपादकांना सुगावा लागला तर टोळी दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल आणि मामा खचतील, या धास्तीनं भाची सगळी पानं गुपचूप नव्यानं काढायची.

संपादकांनी मागे तिलाच चित्रं काढायला सांगून पाहिलं होतं. "मला दुसऱ्याची रेष गिरवता येते हो, स्वतःची नाही," असं म्हणून तिनं काढता पाय घेतला होता. आताही आपण मामांचीच रेष सावरतोय, अशी ती मनाची समजूत घालायची.

जिन्यावर पावलं वाजली. मामा दोन्ही हातांत चहा घेऊन वर आले. कप काठोकाठ भरायची त्यांची जुनी खोड; बशीत मात्र थेंबही सांडला नव्हता.

"झाला का आमचा कप्तान धडधाकट?"

"त्याला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "पण मामा, शेवटच्या पानावर त्याला मागं का ठेवलंत? बाकीचे पुढच्या जगात आणि हा एकटाच?"

"कुणीतरी त्या जगाचं दार धरायला नको? सगळेच धावले तर ते मिटेल ना."

"मुलं रडतील."

"रडू देत थोडी. टोळीतली धाकटी आहे की बाकीच्यांना सांभाळायला."

"तिला अजून धड उडता येत नाही."

"असं ती म्हणते," मामा चहा फुंकत म्हणाले.

संध्याकाळी संपादक पानं न्यायला आले. ते एकेक पान उजेडात धरून पाहू लागले, तशी भाची उगाच शाईच्या बाटल्या आवरू लागली.

"मामा, काय खाताय हल्ली? रेष तरणी झालीय तुमची!"

मामा नुसते हसले. भाचीला इतकं हायसं वाटलं की डोळेच भरून आले. मामा वाचले होते.

"मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव तेवढं राहिलंय," संपादक म्हणाले. "घाला की आत्ताच."

मामांनी सगळ्यात बारीक कुंचला उचलला. भाचीचं धाबं दणाणलं. "द्या, मी घालते," म्हणत ती पुढे झाली.

"एवढं माझं मला करू दे," मामा म्हणाले आणि कागदावर वाकले.

तिनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा शाई अजून ओली होती, आणि चित्रकाराच्या जागी, केसाएवढ्या बारीक, जराही न कापलेल्या रेषेत, तिचं नाव होतं.